जुन्या डब्याच्या बाजूने: विजेच्या लोकलची शंभर वर्षं

मुंबईच्या विजेच्या लोकलने ३ फेब्रुवारी २०२५ रोजी शंभरी गाठली. अशा वेळी उद्घाटनं, व्होल्ट, डब्यांची संख्या यांची जंत्री निघते. थोडी इथेही येईल, कारण तिच्याशिवाय वाटचाल सांगता येत नाही. पण रोजच्या प्रवाशाला कुठला डबा बरा वाटतो, आणि नवी गाडी फलाटाला लागली की ‘आपली जुनीच बरी होती’ असं तो का म्हणतो, याची नोंद रेल्वेच्या दप्तरात होत नाही. बऱ्याचदा ते वाक्य सवयीच्या कुरकुरीचं असतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मात्र त्याच वाक्यासाठी माणसं रुळांवर उतरली, आणि मध्य रेल्वेला नव्या गाड्या मागे घेऊन जुन्या परत सोडाव्या लागल्या. एवढ्या माणसांना जुनी गाडी का हवी होती, हे समजून घ्यायचं तर सुरुवात १९२५ पासूनच करायला हवी.

त्या वर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हीटी (नंतरचं सीएसटी, आजचं सीएसएमटी) ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी निघाली. मालकी जीआयपी रेल्वेची (आजची मध्य रेल्वे), वीज १५०० व्होल्टची डीसी, डबे चार. डबे बनवले होते इंग्लंडच्या आणि जर्मनीच्या कारखान्यांनी. धूर गेला, कोळशाची कणी डोळ्यांत जायची थांबली, हे लोकांना पहिल्याच दिवशी कळलं. खरा फरक मात्र शेवटच्या स्टेशनावर पडला. वाफेची गाडी तिथे पोचली की इंजिन सोडायचं, फिरवून दुसऱ्या टोकाला आणायचं आणि पुन्हा जोडायचं, हा सोहळा चाले. विजेच्या गाडीत मोटर डब्याखालीच बसवलेली आणि चालवण्याची केबिन दोन्ही टोकांना. मोटरमन आपली पिशवी उचलून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेला की गाडी परतीला तयार. आज मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून रोज तीन हजारांच्या वर फेऱ्या होतात, त्यांचं मूळ या सोयीत आहे. गाडी थोडा वेळ थांबणार आणि लगेच निघणार, म्हणजे माणसंही तेवढ्यातच उतरली-चढली पाहिजेत, हा नियमही तिथूनच लागू झाला.

५ जानेवारी १९२८ ला बीबीसीआय रेल्वेने (आजची पश्चिम रेल्वे) कुलाबा ते बोरिवली वीज आणली. पुढे तीन वर्षांत कुलाबा स्टेशनच बंद झालं आणि चर्चगेट हे टोक झालं. जीआयपीने आपल्या विजेसाठी ठाकुर्लीजवळ चोळा इथे स्वतःचं वीजघर उभं केलं. ठाकुर्लीच्या जुन्या रहिवाशांना त्याच्या चिमण्या अजून आठवतात. डबे वाढत गेले: मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर चाराचे आठ १९२७ मध्ये, नऊ १९६१ मध्ये, बारा १९८६ मध्ये. पंधरा डब्यांची गाडी पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये आली, मध्यवर २०१२ मध्ये. स्वातंत्र्यानंतर बाहेरून डबे आणणं हळूहळू थांबलं. कलकत्त्याची जेसप आणि मद्रासची इंटिग्रल कोच फॅक्टरी ते बनवू लागल्या. कारखाने बदलले, विजेची यंत्रणा सुधारली, पण डब्याची आतली मांडणी जवळजवळ तशीच राहिली. पन्नास वर्षांच्या अंतराने काढलेले दोन डब्यांचे फोटो शेजारी ठेवले तर प्रवाशांच्या कपड्यांवरूनच साल ओळखावं लागेल.

ती मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. डबा बारा फूट रुंद. मेल-एक्स्प्रेसचा डबा याहून अरुंद असतो. दोन्ही बाजूंना सरकती दारं, जी सरकवून बंद करता येत आणि जी मुसळधार पावसाखेरीज कोणी बंद करत नसे. दाराच्या मध्ये उभा खांब. दारातून आत आलं की रिकामी चौकोनी जागा, आणि तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर लाकडी फळ्यांची बाकं. बाक तिघांचं, बसायचे चौघं. चौथ्याने एका मांडीवर तोल सांभाळत बसायचं आणि तिघांनी ‘जरा सरका’ म्हटल्यावर निदान सरकल्यासारखं करायचं, हा अलिखित करार. खिडकीला आडव्या सळ्या किंवा जाळी. वर लोखंडी रॅक, छताला लोंबणाऱ्या कड्या. पंखा जाळीत बसवलेला. तो बऱ्याचदा स्वतःहून फिरायचा नाही, मग कोणीतरी खिशातला कंगवा काढून जाळीतून पात्याला ढकलायचा आणि तो कुरकुरत सुरू व्हायचा. या कंगव्यावर मुंबईत पुष्कळ विनोद झाले आहेत, पण प्रवाशाच्या हातात दुरुस्ती राहील असं ते यंत्र होतं, हेही त्यात आलं.

बिघडण्यासारखं त्या डब्यात फार काही नव्हतं. दाराला मोटर नाही, म्हणजे ते अडकणार नाही. काच फुटली तरी वारा येणारच. भजनी मंडळाला टाळ-चिपळ्यांसाठी मोकळी जागा, भाजी निवडणाऱ्या बायकांना मांडीवर पिशवी ठेवण्यापुरती जागा, दसऱ्याला तोरण बांधायला सळ्या. नेहमीच्या गाडीच्या नेहमीच्या डब्याची दसऱ्याला पूजा करणारे ग्रुप आजही आहेत. फुलं, आंब्याची पानं, पेढे, सगळं साग्रसंगीत. सरकारी मालमत्तेला इतक्या आपलेपणाने हळदकुंकू लावणारं दुसरं शहर सापडणं कठीण.

आवाजाचं वेगळंच. डीसी गाडीत वेग वाढवण्यासाठी मोटरकडे जाणारी वीज टप्प्याटप्प्याने सोडत. त्या टप्प्यांचे हलके हिसके बसत, आणि खालून एक चढता घुमा ऐकू येई. गाडी थांबली की कॉम्प्रेसरची धडधड. सुरुवातीच्या टप्प्यात जादाची वीज प्रतिरोधकांतून नुसती उष्णता होऊन जात असे. म्हणजे ज्या आवाजाची आज आठवण काढली जाते, त्यात थोडी उधळपट्टीही होती. हे कबूल केलं पाहिजे, कारण जुन्या डब्यावर प्रेम करणारे लोक (मी त्यातलाच) हा हिशेब सहसा टाळतात.

पण त्या डब्याचा मोठा गुण आवाजात नाही, दारात आहे. नऊ डब्यांच्या गाडीत बसून-उभे धरून साधारण अठराशे माणसं मावावीत असा अंदाज असे. गर्दीच्या वेळी साडेचार-पाच हजार असत. दर चौरस मीटरला चौदा ते सोळा उभी माणसं. या स्थितीसाठी रेल्वेच्या परिभाषेत स्वतंत्र शब्दप्रयोग करावा लागला, कारण जगात इतरत्र वापरले जाणारे शब्द अपुरे पडले. एवढी माणसं दादरला अर्ध्या मिनिटात उतरतात आणि तेवढीच चढतात. ते जमतं कारण दार आधीच उघडं असतं. गाडी थांबण्याआधीच दारातली पहिली फळी फलाटावर असते, मागची मंडळी ‘दादर? दादर?’ विचारत सरकत आलेली असतात. उतरणाऱ्यांची दिशा, चढणाऱ्यांची बाजू, कुठल्या स्टेशनला फलाट कुठल्या हाताला, सगळं ठरलेलं. मागची गाडी तीन-चार मिनिटांवर असते. एका गाडीला दहा सेकंद जास्त लागली की तिच्यामागे रांग लागते.

आणि याच दारातून माणसं पडून मरतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांतही दरसाल दोन हजारांहून अधिक मृत्यू होतात. त्यातले बरेच रूळ ओलांडताना, पण गाडीतून पडणारेही शेकड्यांनी. जुन्या डब्याच्या बाजूने बोलणाऱ्याने हा आकडा खिशात ठेवून चालत नाही.

मोठा बदल २००७ मध्ये आला. त्याच्या आधी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालं होतं, आणि जागतिक बँकेच्या कर्जाने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प सुरू झाला होता. त्यातून चेन्नईत बांधलेल्या, सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या गाड्या आल्या. पांढरा-जांभळा रंग, मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, छतातून हवा आत ढकलणारी यंत्रणा, पुढच्या स्टेशनाचं नाव सांगणारा आवाज आणि पाटी. ब्रेक लावताना तयार होणारी वीज परत तारेत जाते, त्यामुळे खर्चही कमी. मार्च २०१५ पासून बम्बार्डियरच्या यंत्रणेच्या गाड्या आल्या, एकूण ७२. पिवळ्या-तपकिरी जुन्या गाडीची वाट पाहणारे काही जण तेव्हाही होते. नवी बाकं गुळगुळीत, डुलकी लागली की माणूस घसरतो, अशी तक्रार असे. पण ही तक्रार चहाबरोबर संपायची. प्रवाशांनी या गाड्या चार दिवसांत आपल्या केल्या. दार उघडंच होतं, पास तोच होता, लगेजचा डबा जागच्या जागी होता. जुन्यात होतं ते सगळं नव्यात होतं, वर उजेड आणि हवा जास्त. ‘मुंबईकराला नवं नको असतं’ असं म्हणणाऱ्यांनी ही आठ-दहा वर्षं विसरू नयेत.

दरम्यान जुन्या गाड्यांचा शेवट ठरला तो त्यांच्या जुनेपणामुळे नव्हे, तारेतल्या विजेमुळे. १५०० व्होल्टवर बारा डब्यांची गाडी ओढायची तर प्रचंड विद्युतप्रवाह लागतो. त्यासाठी जाड तारा आणि थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रं हवीत, आणि तरीही एका वेळी किती गाड्या सोडता येतील यावर मर्यादा येते. देशभर २५ हजार व्होल्टची एसी वीज रुळली होती, मुंबईच तेवढी मागे होती. रविवारच्या मेगाब्लॉकांतून आणि रात्रीच्या कामांतून बदल होत गेला. पश्चिम रेल्वेवर तो २०१२ मध्ये पूर्ण झाला, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये. शेवटी उरला हार्बर, जिथे सगळं सुरू झालं होतं. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीकडे शेवटची डीसी लोकल निघाली. तिचं तिकीट दहा हजार रुपये होतं, आणि जमलेले पैसे दुष्काळग्रस्तांसाठी होते. हेतू चांगलाच, गाडीही सजवलेली. तरी एक विसंगती नजरेआड करता येत नाही: ज्यांनी त्या डब्यात उभ्याने जन्म काढला, ते त्या रात्री बहुधा घरी झोपले होते, कारण सकाळची गाडी पकडायची होती.

डीसी गेली, पण उघड्या दाराचा डबा राहिला. खरा सामना पुढेच होता.

वातानुकूलित लोकलची पहिली गाडी २०१६ च्या एप्रिलमध्ये कुर्ला कारशेडमध्ये आली आणि तिथे अडकली. तिची उंची मध्य रेल्वेच्या कमी उंचीच्या पुलांना मानवेना. ब्रिटिशांनी बांधलेले पूल आणि चेन्नईने बांधलेली गाडी यांची ही भेट बरीच लांबली आणि मग गाडी पश्चिम रेल्वेला दिली गेली. २५ डिसेंबर २०१७ ला ती बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. सहा-सहा डबे आतून जोडलेले, दारं आपोआप मिटणारी, बसायला १,०२८ जागा, एकूण क्षमता ५,९६४. मध्य रेल्वेवर एसी लोकल धावली ती २०२० च्या जानेवारीअखेर, ठाण्यापासून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर मार्गावर. उन्हाळ्यात ज्याने एकदा या गाडीतून प्रवास केला, त्याला ती आवडली नाही असं मला कोणी सांगितलेलं नाही. भाडं मात्र फर्स्ट क्लासच्याही वरचं होतं. ५ मे २०२२ पासून एकेरी तिकिटाचे दर निम्म्यावर आणले, पाच किलोमीटरला ६५ चे ३० रुपये झाले. गर्दी वाढलीही. पण पासाचे दर तसेच ठेवले, आणि मुंबईत रोजचा माणूस तिकिटावर जगत नाही, पासावर जगतो. सवलत मिळाली ती अधूनमधून जाणाऱ्याला.

त्याच ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने आणखी दहा एसी फेऱ्या सुरू केल्या. नव्या फेऱ्यांसाठी रुळांवर जागा नव्हतीच. म्हणून त्या साध्या गाड्यांच्या जागी घातल्या. तीच वेळ, तोच फलाट, गाडी वेगळी. वेळापत्रकाच्या कागदावर यात काहीच बिघडत नाही. पण लोकलचा प्रवासी गाडीने जात नाही, वेळेने जातो. अमुक वाजून इतक्या मिनिटांची गाडी गाठण्यावर त्याचा डबा भरण्याचा, मुलांच्या शाळेचा, कार्यालयातल्या हजेरीचा हिशेब बसलेला असतो. ती गाडी एसी झाली म्हणजे सेकंडच्या पासवाल्यासाठी ती रद्दच झाली. तिच्यातले हजारो लोक मागच्या साध्या गाडीत गेले, जी आधीच भरून यायची. म्हणजे एका गाडीतल्या थंडाव्याचा घाम मागच्या गाडीने गाळायचा.

कळव्यात तर प्रकरण आणखी वेगळं होतं. कळवा कारशेडमधून सकाळी निघणाऱ्या गाडीत तिथली माणसं शेडजवळच चढत. कळवा-मुंब्र्याला आधीच भरून आलेल्या फास्ट गाडीत शिरणं किती कठीण, हे ज्याने पाहिलंय त्याला ही युक्ती कळेल. डोंबिवलीकर उलटा कल्याणला जाऊन बसून येतो, तसाच हा प्रकार. नियमात तो बसत नव्हता, पण दार उघडं असल्यामुळे वर्षानुवर्षं चालला होता. गाडी एसी झाली, दारं मिटली, आणि एका सकाळी लोक तिच्यापुढे उभे राहिले. दोन-तीन दिवसांनी बदलापूरला तेच झालं. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणारी साधी लोकल एसी केल्यावर प्रवाशांनी स्टेशनमास्तरच्या कार्यालयापुढे गर्दी केली. २५ ऑगस्टला मध्य रेल्वेने त्या दहाही एसी फेऱ्या मागे घेतल्या आणि साध्या गाड्या पुन्हा सुरू केल्या.

वर्तमानपत्रांतून तेव्हा ‘एसीला विरोध’ असं छापून आलं. मला ते चुकीचं वाटलं. त्या लोकांना गारवा नको होता असं नाही. आपल्या वेळेवरची, आपल्या पासावरची, आपल्याला चढता येईल अशी गाडी त्यांना हवी होती, आणि त्या तिन्ही अटी त्या दिवशी जुना डबाच पुऱ्या करत होता. एसी गाडीतलं दारही गर्दीला अजून पटलेलं नाही. कोणाची बॅग, कोणाची पाठ मध्ये येते, दार मिटत नाही, आणि दार मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. जो थांबा उघड्या दाराने अर्ध्या मिनिटात उरकायचा, तो इथे लांबतो. शिवाय पहिल्या एसी गाड्यांत लगेजचा वेगळा डबा ठेवलाच नव्हता. डबेवाल्यांच्या लांबलचक फळ्या, भाजीच्या टोपल्या, कोळणींच्या पाट्या यांनी कुठे जायचं, हा प्रश्न आराखडा करणाऱ्यांना पडलाच नसावा. १९२५ पासून या गाडीने नोकरदाराइतकंच पाटीवालीलाही वाहिलं आहे.

तरीही दाराचा प्रश्न टाळता येणार नव्हताच. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन लोकल शेजारशेजारच्या रुळांवरून विरुद्ध दिशांनी जात असताना दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना आणि एकमेकांच्या बॅगांना घासले आणि खाली पडले. किमान चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही गाड्या साध्या होत्या आणि सकाळच्या गर्दीच्या. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की यापुढच्या साध्या लोकलनाही मिटणारी दारं असतील. हवेसाठी दारांना झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रं, आणि गर्दी आतल्या आत पसरावी म्हणून डब्यांमधून जाण्याची वाट. मिटणाऱ्या दारांचा विचार नवा नव्हता. पश्चिम रेल्वेने २०१५ मध्ये बायकांच्या एका डब्याला अशी दारं लावून पाहिली होती. गर्दीत श्वास कसा घ्यायचा, हाच तेव्हाही प्रश्न होता.

मला स्वतःला ही साधी, बंद दाराची गाडी एसीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यात जुन्या डब्याचं भाडं आणि जुन्या डब्याची वेळ टिकू शकते, आणि माणूस पडत नाही. पण ती चालेल की नाही हे झडपांपेक्षा थांब्यावर ठरेल. दारं मिटायला जो वेळ लागेल तो वेळापत्रकात कुठून आणणार? एकतर फेऱ्या कमी कराव्या लागतील, किंवा सिग्नल यंत्रणा बदलून दोन गाड्यांमधलं अंतर कमी करावं लागेल. तोवर उघड्या दाराचा डबा मोडीत काढला तर कळव्याची सकाळ पुन्हा दुसऱ्या कुठल्यातरी स्टेशनावर उगवेल.

दरम्यान मुंबई रेल्वे विकास महामंडळाने नव्या वातानुकूलित गाड्यांसाठी २,८५६ डब्यांची निविदा काढली आहे. त्या गाड्यांत मालवाहू विक्रेत्यांसाठी आणि डबेवाल्यांसाठी वेगळ्या कप्प्याची तरतूद आहे, मासळीचा वास इतर डब्यांत जाऊ नये म्हणून त्याची हवाही वेगळी खेळवायची आहे. शंभर वर्षं जुन्या गाडीत जो कोपरा न सांगता होता, तो आता निविदेच्या अटींत लिहून मागावा लागतोय. मिळाला तर पाटीवाल्या बायका त्यात चढतीलच, फक्त त्यांचा पास तेव्हा किती रुपयांचा असेल, तेवढं निविदेत नाही.